विषय तसा कॅमेरा

आपल्याकडे चलच्चित्रांचा इतिहास म्हणून जें कांहीं लिहिलें गेलें आहे, त्यांत नटनटींचीं, दिग्दर्शकांचीं आणि कंपन्यांचीं नांवें पुष्कळ येतात. परंतु ज्या यंत्रानें तीं चित्रें टिपलीं, त्याच्याविषयीं एकदोन ओळींपलीकडे सहसा कोणी लिहीत नाहीं. फाळक्यांनीं विलायतेहून कॅमेरा आणला, बाबूराव पेंटरांनीं तो कोल्हापुरांतच बनविला, एवढें सांगून लेखक पुढें जातो. तोच कॅमेरा कां, दुसरा कां नव्हे, आणि त्या निवडीमुळें कोणत्या गोष्टी पडद्यावर आल्या व कोणत्या बाहेरच राहिल्या, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आज तो केवळ इतिहासाचा प्रश्न उरलेला नाहीं. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत शूटिंगचा धंदा करणारीं माणसें गांवोगांवीं आहेत, आणि लग्नसराई जवळ आली कीं यंदां कोणता कॅमेरा घ्यावा, विकत घ्यावा कीं भाड्यानें आणावा, ही चर्चा दुकानांतून रंगते. ती चर्चा बहुधा आंकड्यांची असते. तिच्यामागें सव्वाशें वर्षांचा इतिहास उभा आहे, तो थोडा उलगडून पाहावा असा आमचा विचार आहे. आणि उदाहरणासाठीं हाच मुलूख घेण्याचें कारण असें कीं, इतके निरनिराळे विषय इतक्या थोड्या अंतरांत फार ठिकाणीं सांपडत नाहींत.

पुणें जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा हा प्रदेश. दक्षिणेस नीरा, पलीकडे भीमा, आणि बारामती गांवाला लागून वाहणारी कऱ्हा. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी १८८५ सालीं या बाजूस आलें आणि कालव्याखालच्या गांवांतून ऊंस उभा राहिला. परंतु सुप्याकडे गेलें कीं तेंच जुनें माळरान, खुरटें गवत आणि त्यांत चरणारीं चिंकारा हरणें. त्यांच्यासाठीं तेथें मयूरेश्वर अभयारण्य राखलें आहे. क्षेत्र पांच चौरस किलोमीटरांहून थोडेंच अधिक. इंदापुराकडे वळावें तों उजनी धरणाचा समुद्रासारखा पसरलेला जलाशय, आणि भिगवण, डिकसळ, कुंभारगांव येथील उथळ पाण्यांत हिंवाळ्यापासून उतरणारे रोहित पक्षी. या सर्वांच्या मधून तुकोबांच्या पालखीचा रस्ता जातो. सुप्याचें पिवळें ऊन, उंसाच्या फडांतील हिरवा काळोख, पाण्यावरची लखलख आणि आषाढांतलें ढगाळ आभाळ हे चार उजेड एका दिवसाच्या प्रवासांत भेटतात, आणि एकच कॅमेरा चारांनाहि सारखाच पुरा पडेल असें समजणें धाडसाचें आहे.

बारामती ही मोरोपंतांची. पंतांनीं (१७२९–१७९४) एकच रामकथा एकशें आठ परींनीं सांगितली अशी प्रसिद्धि आहे. कोठें वृत्त बदललें, कोठें अक्षरांचें बंधन स्वतःवर घालून घेतलें. ओंठ मिटावे लागतील असे वर्णच गाळून रचलेलें निरोष्ठ रामायणहि त्यांत आहे. कथा तीच, परंतु वृत्त बदलतांच कोणता प्रसंग फुलतो आणि कोणता आखडतो, हें बदलून जातें. छायालेखकाच्या हातांतल्या यंत्राचें असेंच आहे. फरक इतकाच कीं पंतांना वृत्तासाठीं दाम मोजावे लागत नव्हते.

७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंच्या यंत्राचे खेळ झाले. तें यंत्र मोठें चतुर होतें. चित्र टिपणें, फितीची प्रत काढणें आणि पडद्यावर दाखविणें हीं तिन्ही कामें तें करी. वजन पांच किलोंच्या आसपास, हातानें फिरवावयाचें, आणि फीत सुमारें सतरा मीटरांची. म्हणजे एका चित्राला मिनिटाहूनहि कमी वेळ. एवढ्यांत मावेल असाच विषय घ्यावा लागे. आगगाडी स्टेशनांत येते, कामकरी कारखान्याच्या दारांतून बाहेर पडतात, अशा विषयांची निवड आवडीनें झाली त्याहून फितीच्या लांबीनें अधिक झाली, असें आम्हांस वाटतें.

हे खेळ पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा या छायाचित्रकारांनीं विलायतेंतील रायली बंधूंकडून एकवीस गिनींस कॅमेरा मागविला, आणि १८९९ मध्यें मुंबईच्या हँगिंग गार्डनवर झालेली एक कुस्ती टिपली. फीत धुण्यासाठीं पुन्हां विलायतेस पाठवावी लागली. आपला पहिला छायालेखक कुस्तीकडे वळला यांत नवल नाहीं. आखाडा ठरलेला, दोनच माणसें, उजेड मोकळ्या मैदानाचा, आणि तिपाईवर उभा केलेला कॅमेरा हलविण्याचें कारण नाहीं. १९०१ च्या डिसेंबरांत रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले तेव्हां त्यांचें स्वागतहि सावे दादांनीं टिपलें. कॅमेरा एका जागीं आणि माणसें त्याच्यापुढून जात आहेत, अशीच ही दोन्ही चित्रें. माणसांमागून धांवणारा कॅमेरा अजून जन्मास यावयाचा होता.

फाळक्यांची गोष्ट याहून खोल आहे. १९१२ च्या फेब्रुवारींत ते लंडनास गेले, जाणत्या लोकांस भेटले, आणि विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा ठरवून परत आले. तो लांकडी पेटीचा, हातानें फिरविण्याचा होता. तो हातीं आल्यावर दादासाहेबांनीं लगेच कथापट काढला नाहीं. त्यांनीं वाटाणा पेरला. कॅमेरा एका जागीं खिळवून, थोड्या थोड्या वेळानें एकेक चित्र घेत, अंकुर फुटण्यापासून वेल वर चढेपर्यंतची वाढ त्यांनीं फितीवर धरली. पडद्यावर ती वाढ क्षणांत होते हें पाहून भांडवल देणारा माणूस पुढें आला, आणि ३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहांत लोकांपुढें आला. आम्हांस तो वाटाण्याचा छोटा पट 'राजा हरिश्चंद्रा'इतकाच मोलाचा वाटतो. हातानें फिरविण्याच्या यंत्राची गति हातावर अवलंबून असते, हा त्याचा दोष. परंतु हात थांबला कीं यंत्रहि थांबतें, आणि हवें तेव्हां एकच चित्र घेतां येतें. फाळक्यांनीं आपल्या यंत्राचा दोष ओळखला आणि त्याला साजेसा विषय शोधला.

यंत्राइतकीच फीतहि विषयावर अंमल गाजवीत असे. त्या वेळच्या सामान्य फितीला तांबडा रंग जवळजवळ दिसत नसे. तांबडें तें काळें उमटे. कुंकू काळें, तांबडें लुगडें काळें. त्या फितीवर कोणीं वारी टिपली असती, तर पालखीपुढील भगव्या पताका पडद्यावर काळपट निशाणें होऊन फडकल्या असत्या. सर्व रंगांना संवेदनशील अशी फीत १९२० नंतरच्या दशकांत प्रचारांत आली, तोंपर्यंत छायालेखकाला डोळ्यांनीं एक पाहावयाचें आणि मनांत दुसरेंच धरावयाचें असा अभ्यास करावा लागे. ही भगव्या पताकेची अडचण शंभर वर्षांनंतर निराळ्या वेषांत पुन्हां उभी राहिली. तिच्याकडे आपण पुढें येऊं.

बाबूराव पेंटरांनीं महायुद्धाच्या काळांत, परदेशी यंत्र मिळणें दुर्घट असतां, १९१८ च्या सुमारास स्वतःचा कॅमेरा उभा केला आणि १९२० मध्यें 'सैरंध्री' काढला, हें सर्वश्रुत आहे. त्यांच्याविषयीं इतकेंच म्हणावयाचें कीं, यंत्राचा प्रत्येक खिळा ज्याच्या ओळखीचा आहे असा छायालेखक पुन्हां फारसा झाला नाहीं. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्यें ते देवादिकांना सोडून कर्जांत बुडालेल्या शेतकऱ्याकडे वळले. या यंत्राला पौराणिक रथच हवेत असें नाहीं, हें त्यांनीं दाखवून दिलें.

पुढें बोलपट आला आणि कॅमेरा जड झाला. १९२९ मध्यें कोल्हापुरांत निघालेल्या प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. ध्वनि आल्यावर यंत्राची गति सेकंदाला चोवीस चित्रें अशी ठरून गेली, हाताच्या जागीं मोटार आली. आणि मोटारीचा आवाज ध्वनिमुद्रणांत शिरूं नये म्हणून कॅमेऱ्याला जाड आवरणांत कोंडावें लागलें. १९३३ मध्यें प्रभात पुण्यास आली. तेथें १९३६ मध्यें दामले-फत्तेलालांनीं 'संत तुकाराम' केला, आणि पुढील वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. त्या चित्रपटाची थोरवी आम्ही कमी लेखीत नाहीं. तथापि एक गोष्ट नजरेआड करतां येत नाहीं. त्याच काळीं दर वर्षीं खरी पालखी पुण्यावरून बारामती-इंदापूरच्या रस्त्यानें पंढरीस जात होती, आणि कंपनीचें देहू मात्र स्टुडिओंत उभारलें जात होतें. जड यंत्र, दिव्यांची सोय, ध्वनीसाठीं शांतता या सर्वांना स्टुडिओच मानवे. रस्त्यावरची वारी त्या यंत्राच्या आंवाक्यांतली नव्हती.

हलकें यंत्र नव्हतें असें नाहीं. १६ मिलिमीटर रुंदीची अरुंद फीत १९२३ पासून बाजारांत होती, आणि चावी देऊन चालणारे लहान कॅमेरे हौशी लोकांच्या व पुढें माहितीपट करणारांच्या हातीं आले. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन सुरू झालें तेव्हां बातम्यांचें चित्रण याच फितीवर होई. तें वर्ष महाराष्ट्राच्या मोठ्या दुष्काळाचें. खडी फोडणाऱ्या, तळ्यांवर माती वाहणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या रांगा त्या वर्षीं बारामती-इंदापूरकडेहि लागल्या होत्या. खांद्यावर बसणारा कॅमेरा आणि तो दुष्काळ एकाच वेळीं यावा, हा योगायोग इतिहासकारानें नोंदवून ठेवावा असा आहे.

परंतु तो कॅमेरा होता सरकारचा, मुंबईचा. फीत महाग, धुण्याची सोय दूर. त्याच सुमारास भीमेवर उजनीचें धरण बांधलें जात होतें. १९६९ च्या आगेंमागें सुरू झालेलें काम १९८० मध्यें पुरें झालें, आणि इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांतील भीमाकांठचीं गांवें पाण्याखालीं गेलीं. जीं गांवें उठलीं त्यांतल्या माणसाच्या हातीं चलच्चित्राचें यंत्र असणें तेव्हां कल्पनेपलीकडचें होतें. घराचा पाया उकरून दगड गाडींत भरले जातात, देव उचलून नव्या गांवठाणांत नेले जातात, अखेरचा बाजार भरतो, या गोष्टी ज्यांच्या होत्या त्यांना त्या टिपतां आल्या नाहींत. जुन्या पळसदेवाचें मंदिर मात्र आजहि जलाशयांत उभें आहे. उन्हाळ्यांत पाणी फार उतरलें कीं तें वर येतें, आणि लोक होड्यांतून पाहावयास जातात.

धरण भरलें आणि दोनतीन वर्षांतच गांवोगांवीं व्हिडिओ आला, हा काळाचा विनोद म्हणावा. १९८२ मध्यें रंगीत दूरचित्रवाणी आली, पाठोपाठ व्हीएचएसची टेप आली, आणि खांद्यावर मोठा कॅमेरा घेतलेला गृहस्थ लग्नमंडपांत भटजींइतकाच आवश्यक होऊन बसला. सोबत एक मुलगा प्रखर दिवा धरून उभा असे. त्या दिव्यानें नवरीचे डोळे मिटत आणि मागचे वऱ्हाडी अंधारांत जात. परंतु यंत्राची दृष्टि मंद असल्यामुळें उपाय नव्हता. पुढें १९९५ पासून लहान डीव्ही टेप आली. सोनीचे पीडी-१५० व पीडी-१७० हे कॅमेरे बातमीदारांनीं आणि लग्नवाल्यांनीं सारखेच डोक्यावर घेतले, कारण ते थोड्या उजेडांत स्वच्छ पाहत.

या पार्श्वभूमीवर हाय डेफिनिशन, म्हणजेच एचडी, आलें. जुन्या पद्धतीच्या चित्रांत ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारें चार लक्ष ठिपके. नव्यांत १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लक्षांहून अधिक. पांचपट ठिपके म्हणजे पांचपट चांगलें चित्र, असा सरळ हिशेब बाजारानें मांडला. २००४-०५ मध्यें सोनीचा झेड-१ आला. त्याच लहानशा टेपवर एचडी चित्र घेणारा. व्यावसायिक कॅमेरा लाखांच्या घरांत गेला. कर्ज काढून तो घेणारांस पहिला धक्का मंडपांत बसला. चित्र दिवसा रेखीव, पण संध्याकाळच्या वरातींत जुन्या पीडी-१७० हून अंधारें! कारण उघड आहे. तेवढ्याच आकाराच्या चकतीवर पांचपट ठिपके बसविले कीं प्रत्येक ठिपक्याच्या वांट्याला उजेड कमी येतो. हें गणित जाहिरातींत नसतें.

२००८ मध्यें कॅननचा ५डी मार्क टू निघाला आणि पारडें दुसऱ्या टोकास गेलें. हा वास्तविक स्थिर छायाचित्रांचा कॅमेरा. त्याची चकती जुन्या ३५ मिलिमीटर छायाचित्राएवढी मोठी, त्यामुळें समईच्या उजेडांतहि चेहरा दिसे, आणि मागचा पसारा धूसर होऊन नवरानवरी चित्रांतल्यासारखीं उठून दिसत. लग्नवाले त्यावर लुब्ध झाले. परंतु त्यांत एक तुकडा बारा मिनिटांच्या आसपासच चाले; सप्तपदी मध्यावर आली असतां कॅमेरा थांबावा, ही कल्पना करा. आवाज घेण्याची सोय तुटपुंजी. शिवाय प्रारंभीं तो सेकंदाला तीसच चित्रें घेई. आपल्याकडील विजेचे दिवे सेकंदाला शंभर वेळां मिणमिणतात, म्हणून शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर बांधावें लागतें. नाहींतर ट्यूबच्या उजेडांत चित्राला कांप सुटतो. सेकंदाला पंचवीस चित्रांची सोय त्या यंत्रांत २०१० मध्यें आली. आणखी एक विघ्न होतें. अशा चकतीवर चित्र वरून खालीं ओळीओळीनें वाचलें जातें. पाहुण्यांपैकीं कोणी फ्लॅश उडविला कीं चित्राचा अर्धाच भाग पांढरा होतो. ज्या लग्नांत दहा हात मोबाइल घेऊन वर आलेले असतात, तेथें याचा उपद्रव किती, हें सांगावयास नको. लग्नाला म्हणून आम्ही असें म्हणूं कीं, विधीसाठीं न थांबणारा, आवाज नीट घेणारा साधा कॅमेरा एका जागीं असावा, आणि मोठ्या चकतीचा दुसरा हौसेसाठीं. एकावर भागवावयाचें असेल तर पहिलाच घ्यावा. वीस वर्षांनीं लोक धूसर पार्श्वभूमि पाहत नाहींत, आजोबांचा आवाज शोधतात.

वारीचें शास्त्र निराळें आहे. काटेवाडीस धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोंवतीं मेंढ्या धांवतात; पुढें बेलवाडीस पहिलें गोल रिंगण, नंतर इंदापुरासहि रिंगण. पताकावाले धांवतात, तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बाया धांवतात, वीणेकरी धांवतात, आणि शेवटीं अश्व. येथें त्या ओळीओळीनें वाचणाऱ्या चकतीचा दोष उघडा पडतो. घोड्यामागून कॅमेरा झपाट्यानें फिरविला कीं पताकांच्या सरळ काठ्या तिरक्या दिसूं लागतात, जणूं सगळी दिंडी वाऱ्यानें वांकली आहे. जुन्या सीसीडी चकतीच्या कॅमेऱ्यांत हा दोष नव्हता, आणि म्हणूनच बाजारानें टाकून दिलेला एखादा कॅमेरा रिंगणांत नव्यापेक्षां सरस ठरे. सेकंदाला पंचवीस पुरीं चित्रें घेणारी पद्धत चित्रपटासारखी दिसते म्हणून आवडीची झाली. परंतु धांवत्या घोड्याला ती कुचकामी, चित्र अडखळत जातें. तेथें सेकंदाला पन्नासच हवीं. शिवाय आषाढाचें आभाळ काळें आणि वारकऱ्यांचे कपडे पांढरे. आभाळावर उजेड बांधला कीं सदरे पांढरे फटफटीत होतात, सदऱ्यांवर बांधला कीं चेहरे बुडतात. हा झगडा फाळक्यांनाहि ओळखीचा वाटला असता.

आणि ती भगवी पताका. एचडीच्या स्वस्त पद्धतींत जागा वांचविण्यासाठीं प्रत्येक ठिपक्याचा उजेड राखतात, पण रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच ठेवतात. हिरव्या शेतावर किंवा मातीवर हें कळत नाहीं. परंतु तांबड्या-भगव्याच्या कडेवर कळतें. पताकेची कड दांतेरी होते, रंग बाहेर पाझरल्यासारखा दिसतो. ज्यांना वारीचें चित्रण दूरचित्रवाणीला द्यावयाचें असे, ते म्हणून रंग अधिक राखणारी, सेकंदाला पन्नास मेगाबिटांची पद्धत घेत; तिला तासास बावीस-तेवीस गिगाबाइट जागा लागते. हें ऐकून घरगुती ग्राहक दचकतो, आणि त्याला तें नकोहि आहे. पण फाळक्यांच्या फितीला जो रंग दिसेना, नेमका त्याच रंगाच्या बाबतींत नव्या यंत्रानेंहि काटकसर करावी, याची आम्हांस गंमत वाटते.

भिगवणच्या पाण्यावर हिशेब पुन्हां उलटतो. तेथें मोठी चकती भारी पडते, कारण दूरचा पक्षी तिच्यावर मोठा उमटवावयाचा तर हातभर लांब आणि तितकेंच महाग भिंग लागतें. चकती लहान असली कीं तेंच भिंग अधिक दूरचें पाहतें. कॅननच्या २००५ च्या एक्सएल-एच१ या कॅमेऱ्यावर वन्यजीवांचें चित्रण करणारे जें प्रेम करीत, त्याचें रहस्य हेंच. त्यावर छायाचित्राचें ३०० मिलिमीटरचें भिंग जोडिलें तर तें सातपटीहून अधिक दूर पाहणाऱ्या भिंगासारखें काम करी. सुप्याच्या माळावर चिंकारा टिपावयाचा तरी हाच न्याय. तो माणसाला जवळ येऊं देत नाहीं. मात्र कितीहि दूर पाहणारें भिंग असलें तरी नऊदहानंतर पाण्यावरून आणि माळावरून ऊन थरथरूं लागतें, आणि वीस लक्ष ठिपके ती थरथर तेवढी रेखीव दाखवितात. पहांटेस उठण्याला पर्याय अजून कोणत्याहि कंपनीनें काढलेला नाहीं. होडींत तिपाई ठेवूं नये; होडी हलते तशी तीहि हलते. त्यापेक्षां अंगाशीं धरलेला, कंप शोषणारें भिंग असलेला कॅमेरा बरा. पाण्याची लखलख कमी करणारे काळे गाळण-कांच अंगभूत असलेले कॅमेरे येथें उपयोगी. छायाचित्राच्या कॅमेऱ्यांत ते बहुधा नसतात, आणि दुपारीं फजिती होते. 'प्रोफेशनल' हा शब्द दुकानदार सैल वापरतात. त्याचा खरा अर्थ असलीच बटणें बाहेर, हाताशीं असणें, एवढाच आहे.

आतां या सर्वांपेक्षां गंभीर गोष्ट. मूकपटांच्या काळांतले बहुतेक मराठी चित्रपट आज नाहींत. १९६४ मध्यें पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें, त्यानें पुष्कळ वांचविलें. तरी २००३ मध्यें पुण्यांत लागलेल्या आगींत जुन्या ज्वालाग्राही फिती जळाल्या. फीत जळते हें सर्वांस समजतें. टेप जळत नाहीं, ती मुकाट्यानें निरुपयोगी होते. बारामतीच्या कित्येक घरांत लग्नाची व्हीएचएस कॅसेट कपाटांत जपून ठेविलेली आहे; ती चालविणारें यंत्र शेवटपर्यंत काढणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीनें २०१६ मध्यें तें काढणें बंद केलें. एचडीच्या लहान टेपचीहि हीच गत झाली. त्यानंतरचे कार्डवाले कॅमेरे तर अधिक निष्ठुर. कार्ड महाग म्हणून संध्याकाळीं तें रिकामें करावयाचें, आणि मूळ चित्रण वर्षभरांत पुसून टाकावयाचें, अशी धंद्याची रीतच पडली. यंत्र निवडतांना तें काय टिपतें हें लोक पाहतात. टिपलेलें किती वर्षें वाचतां येईल, हें विचारणारा विरळा. आज ४के सर्वत्र झालें आहे, चकत्या सुधारल्या आहेत, वर सांगितलेले कांहीं दोष पुष्कळ कमी झाले आहेत. हा एक मात्र तसाच आहे.

उजनीच्या पाण्याखालीं गेलेल्या गांवांत जे तेव्हां विशीपंचविशींत होते, ते आज सत्तरीच्या पुढें आहेत. कोणाचें घर कोठें होतें, नदीचा उतार कोणता, मळई कोणाची, कोणत्या वाटेनें देवाची पालखी जाई, हें त्यांनाच ठाऊक. त्यांना बोलतें करून टिपावयाचें असेल तर चकतीचा आकार, ठिपके, रंगाची पद्धत यांपैकीं फारसें कांहीं लागत नाहीं. तास दोन तास न थांबणारा, न तापणारा कॅमेरा, सदऱ्याला लावलेला चांगला माइक, आणि घराच्या दारांतून येणारा उजेड एवढ्यावर काम भागतें. पंधरा वर्षांपूर्वींचा, कोणी विचारीत नाहीं म्हणून स्वस्तांत मिळणारा एचडी कॅमेराहि त्याला पुरे. टिपलेलें दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावें, आणि दर पांचसहा वर्षांनीं नव्या साधनावर उतरून घ्यावें, एवढी मात्र तोशीस घ्यावी लागेल.

आणि पळसदेवाच्या मंदिरासाठीं आम्हांस फाळक्यांच्या वाटाण्याची रीत सुचते. पाणी उतरण्याच्या आरंभीं, मार्चच्या सुमारास, कांठावर उंच जागीं कॅमेरा पक्का बांधावा, वर सावलीचें छप्पर असावें, आणि दिवसांतून चार ठरलेल्या वेळीं एकेक चित्र घ्यावें. शंभर दिवसांचीं चारशें चित्रें होतील. सेकंदाला पंचवीस या हिशेबानें तीं सोळा सेकंदांत संपतात. तेवढ्यांत आधीं शिखर, मग मंडपाचें छत, मग खांब, आणि पाऊस लागण्यापूर्वीं भोंवतालच्या भिंतींचे दगड पाण्याबाहेर येतील.